एक वेढा कमी

वारंगा फाट्यावर मी गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक शेळ्या राखणारी बाई लेकीला घेऊन बसली होती. पोरीच्या कानामागं यंत्र, केसांत गोल चकती. माझी नजर तिकडं गेलेली बघून बाई माळावरनं हाक मारावी तशा आवाजात सांगू लागली, "जल्माची बहिरी व्हती. आप्रेशन केलं. कानात शंख असतोय, त्यात तार घालतेत." तिनं पदर बोटाला गुंडाळून दाखवला आणि एक वेढा सोडला. "हिच्या शंखाला येक वेढा कमी. तार पुरी गेली न्हाई. डाक्टर म्हनले, किती ऐकू येईल सांगता येत न्हाई."

"मग?"

"मग काय! शेळीच्या गळ्यातली घंटी हिच्यामागं वाजवत बसायचे. हळूहळू वळून बघाया लागली."

तेवढ्यात पोरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आये, हळू बोल!"

मला हायसं वाटलं. बाईनं मात्र तो हात बाजूला केला आणि आधीपेक्षा मोठ्यानं सुरू झाली. पोरगी पुन्हा वैतागली, "आये, हळू!"

बाईचा चेहरा नुसता फुलला. "ऐकलं न्हवं?" ती मला म्हणाली. "ह्येच ऐकाया तर वरडून राहिले."