साडूबुवांचं बेट

सोलापुरात बसून ग्रीस देशातल्या एका बेटाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्काचे, हे यजमान. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात ते डिझाइन मास्टर होते. उभ्या जन्मात त्यांनी पुण्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. पण त्या बेटावर बोटीतून उतरल्यावर डाव्या हाताला पाण्याचा नळ लागतो आणि उजव्या हाताला चर्च, हे ते गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा पत्ता सांगावा तसं सांगत. मी शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळे या वेडाचा सगळ्यात जास्त ताप मलाच होणार हे ठरलेलंच होतं.

वेड लागलं ते दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षी. त्या बेटावरच्या एका हॉटेलानं कारखान्याकडे अंथरायच्या मोठाल्या टॉवेलांची मागणी केली, आणि नक्षी कशी हवी ते कळावं म्हणून सोबत एक रंगीत पोस्टकार्ड पाठवलं. निळंशार पाणी, पांढरी घरं आणि वाळूत टॉवेल टाकून भर दुपारी उताणी पडलेली चांगली खात्यापित्या घरची माणसं. मागे छापलं होतं की आमच्याकडे दिवसभर पोहा आणि रात्रभर नाचा. साडूबुवांनी टॉवेलावर मासे काढून दिले, पण ते कार्ड काही परत केलं नाही. "मास्तर," संध्याकाळी माझ्याकडे येऊन ते म्हणाले, "दिवसा लोळायचं अन् रात्री नाचायचं, हा तिथला दिनक्रम हाय! आपला टॉवेल तिथं जाऊन लोळणार, अन् आपण हितं गिरणीचा भोंगा ऐकत बसायचं की काय?" आठवड्याच्या आत त्यांनी जाहीर केलं की आपण अक्काला घेऊन जाणार. तेही कुठल्या टूरबरोबर नाही, स्वतंत्र. टूरवाले शिट्टी वाजवून गोळा करतात, आपण काय मेंढरं आहोत, असं त्यांचं म्हणणं.

अक्का अक्कलकोटकडची. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती कानडीत बोलायची. तिने भाकरी थापता थापता वर न बघता सांगितलं, "ब्याड." म्हणजे नको. त्यावर चर्चा नाही. अक्काला सोडून जाणार नाही, हे साडूबुवांचं ठाम होतं. मी यायची नाही, हे तिचं ठाम होतं. या दोन ठामांच्या मधल्या जागेत साडूबुवांनी पुढची चार वर्षं आपला बेत आखला.

बेत आखायचा म्हणजे काय, तर चौकटीच्या कागदावर. चादरीवरचा मोर ते जसा चौकटी भरत भरत काढायचे, तशी त्यांनी ती चौदा दिवसांची सहल काढली. एक चौकट म्हणजे पाव तास. पिवळा रंग लोळण्याचा, निळा पोहण्याचा, हिरवा खाण्याचा, तांबडा नाचण्याचा. कागदाला कागद चिकटवत ती गुंडाळी इतकी वाढली, की उलगडायची म्हटलं की सोप्यातून पाट-चौरंग उचलावे लागायचे. एका रविवारी त्यांनी मोठ्या अभिमानानं मला जमिनीवर बसवून ती दाखवली. सात दिवस झाले आणि कागद संपला. "चौदा दिवस ना? पुढचे सात कुठायत?" मी विचारलं. साडूबुवांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "मास्तर, मोर कधी दोन काढतात का? एक काढायचा. दुसरा मागावर आपोआप उलटा येतो."

मी म्हटलं, "म्हणजे आठव्या दिवशी तुम्ही आधी नाचणार, मग जेवणार, मग पोहणार आणि शेवटी सकाळी उठून दात घासणार?" त्यांनी कागद जवळ ओढला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सूर्यसुद्धा पश्चिमेलाच उगवंल की मग," असं पुटपुटले आणि गुंडाळी काखेत मारून आत गेले. उरलेले सात दिवस सुलटे काढायला त्यांना तीन महिने लागले.

नुसता कागद रंगवून भागणार नव्हतं, अंगालाही सवय हवी होती. उन्हात लोळण्याचा सराव त्यांनी ऐन मे महिन्यात गच्चीवर सुरू केला. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर चप्पल न घालता कावळासुद्धा उतरत नाही. तिथे हे अर्ध्या विजारीत टॉवेलावर पडलेले आणि शेजारी अक्कानं वाळत घातलेल्या कुरडया. दोन्ही एकदमच उलटवायला ती दर अर्ध्या तासानं वर यायची. "उन्हात पडायला एवढ्या लांब कशाला जायचं म्हणते मी? आपल्याकडचं ऊन काय कमी पडायलाय?" असं तिचं चालू असे. पोहायला शिकायचं म्हणून मी त्यांना कुंभारीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर घेऊन गेलो. पाठीला डबा बांधून ते पहिल्या पायरीवर उतरले, पाण्यात घोटा बुडवला आणि तिथेच बसून त्यांनी आम्हाला भरती-ओहोटी समजावून सांगितली. तासाभरानं तो शेतकरी म्हणाला, "सायेब, समुद्राचं ऱ्हाऊ द्या. आमच्या हिरीला भरती येईस्तवर तुमी हितंच बसनार व्हय?"

नाचाचा भाग त्याहून अवघड. तिथली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीनं नाचतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मग सोप्यात ओळ लागली, साडूबुवा, मी आणि माझी बायको. "डावा पाय मास्तर, डावा! अहो, हे लेझीमच हाय, नुसतं हातात लेझीम न्हाई!" स्वयंपाकघराच्या दारातून अक्का बघत होती. "एवढं घट्ट धरलंय एकमेकांना," ती म्हणाली, "तितं जमीन हलती काय हो?" तिला बोलावलं तर पदर तोंडाला लावून आत पळाली.

साडूबुवांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेऊन त्या हॉटेलाच्या मालकिणीला पाठवलं. तुमचे टॉवेल आम्हीच काढले, आता आम्ही पाहुणे म्हणून येऊ इच्छितो, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आमची आम्ही आणू, फक्त खोली द्यावी. मला वाटलं, संपलं. तर बाईंचं उत्तर आलं! टॉवेल फार सुंदर आहेत, सप्टेंबरात गर्दी ओसरते, वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली मी तुमच्यासाठी ठेवते. पाठोपाठ दोघांच्या पासपोर्टाचे अर्ज गेले (अक्कानं फोटो आणि सही दिली, पण यायची नाही असं बजावूनच) आणि चौकशीला हवालदार येऊन गेला. "तितं कोन पावनंरावळं हाय का?" "कुणी नाही." "काय धंदा?" "कसलाच नाही." "मग जायलाय कशाला?" साडूबुवांनी गुंडाळी सोडायला घेतली, तसा हवालदारानं सगळं ठीक आहे असं लिहून पळ काढला.

दोन्ही पासपोर्ट आले त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. साडूबुवांनी ते पासपोर्ट आणि मालकिणीचं पत्र अक्कापुढे ठेवलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "मग काय, येतेस का?" पुढच्या उत्तरावर चिडायची तयारीसुद्धा चेहऱ्यावर दिसत होती. अक्कानं हात धुतले, पदराला पुसले, आपला फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "नडीरी." म्हणजे चला. नवी पेठेतून मागे पट्टा असलेल्या चपलाही तिने आणून ठेवल्या होत्या. वाळूत पायातून निघू नयेत म्हणून.

साडूबुवा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले आणि रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. "मास्तर, आतापतोर ती नको म्हणत होती म्हणून बरं होतं," ते खाली बघत म्हणाले. "कारखान्याच्या बाहेर मला तिकिटाच्या खिडकीशी बोलायला होत न्हाई. तिला घेऊन मी एवढ्या लांब जायचं? विमान, बोट, परकी भाषा... वाट चुकलो तर? ती माझ्या भरवशावर निघालीय हो." मला त्यांची थट्टा करायचं सुचलं नाही. त्या आठवड्यात त्यांचं जेवण तुटलं. गुंडाळी उघडेनात. सप्टेंबरात तिकडे वारा फार असतो, यंदा कारखान्यात काम फार आहे, असं काहीबाही बोलू लागले, पण नको हा शब्द काही त्यांच्या तोंडातून फुटेना.

रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. ताटं वाढता वाढता अक्का एकदम गुडघे धरून खाली बसली. "माझं गुडघं धरल्यात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बोटीत चढायला मला काय जमायचं न्हाय. ब्याड." साडूबुवांचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. "बघा मास्तर!" ते कडाडले. "सगळी तयारी झाली अन् ऐन वेळी हिचं हे असं!" त्या दिवशी ते चार भाकऱ्या जेवले. पुढे जन्मभर, हिच्या गुडघ्यांपायी आमचं ग्रीस राहिलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. अक्का मान खाली घालून ऐकून घ्यायची. माझी बायको मला पुन्हा पुन्हा सांगायची की त्याच सकाळी अक्का ज्वारीची पाटी घेऊन गच्चीवर दोनदा चढली होती.

साडूबुवा जाऊन आता काही वर्षं झाली. मध्यंतरी एका दुपारी अक्काकडे गेलो होतो, तेव्हा न राहवून मी विचारलं, "अक्का, गुडघे खरंच दुखत होते का हो तेव्हा?"

"न्हाय हो," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडाकडं बघवंना मला. भ्यालेल्या माणसाला ओढून न्यायचं आन् मग कसली मजा?" मग म्हणाली, "त्या बाईनं ती वरची खोली मग कुणाला दिली आसंल?"

"दिली असेल कुणाला तरी," मी म्हटलं.

"मला लई जायचं होतं, मास्तर," अक्का म्हणाली. "कुणाला सांगू नका."