नेता मागून चालतो

नेतृत्वगुण वाढवायला काय वाचावं हे सांगणारा माझ्या साडभाऊंएवढा अधिकारी माणूस या भूतलावर दुसरा नसेल, आणि ज्याच्या मागे चिटपाखरूही नाही असा पुढारीही दुसरा नसेल. वर्ध्याजवळच्या आंजी गावात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात कथाकादंबरी औषधालाही सापडायची नाही. माणसं कशी जोडावी, सभा कशी चालवावी, अडचणीत डोकं थंड कसं ठेवावं, अशी सगळी पुढारी घडवणारी पुस्तकं. नोकरीत असताना साडभाऊंच्या हाताखाली एकच शिपाई होता, तोही दुपारनंतर घरी जायचा. तेवढ्या एका शिपायासाठी एवढं वाचन मी दुसऱ्या कुठल्या साहेबाचं पाहिलं नाही.

वैद्याने नाडी बघून पुडी बांधावी तसे ते माणूस बघून पुस्तक देत. न्हावी बोलका, म्हणून त्याला दुसऱ्याचं ऐकून घेण्याविषयीचं. दूधवाल्याला झटपट निर्णय घेण्याचं, कारण तो माप ओतताना फार विचार करतो. नात्यातलं एक नवं जोडपं पाया पडायला आलं, तर आहेर म्हणून मतभेद मिटवण्याचं पुस्तक हातात ठेवलं. तोवर बिचाऱ्यांत मतभेद व्हायलाही सवड मिळाली नव्हती. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि प्रत्येकाला तीच ताकीद. पान दुमडायचं नाही. मी एकदा एक कोपरा दुमडला होता, तर माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाहीत. आणि पुस्तक परत करायचं ते स्वतः येऊन. "निस्तं आनून टाकू नका. बसा, चहा घ्या, काय समजलं थे सांगा. मंग दुसरं देतो."

इथेच सगळं फसलं. पुस्तक नेणारे पुष्कळ, वाचणारा एक नाही, आणि न वाचता साडभाऊंसमोर बसायची कोणाची छाती नाही. न्हावी त्यांना लांबून पाहिलं की दुकानाचं दार लोटून घेऊ लागला. दूधवाला पातेलं ओट्यावर ठेवून हाक न मारता सायकलला टांग मारू लागला. ज्याच्या घरात त्यांचं पुस्तक, त्याची वाट त्यांच्या दारावरून जाईनाशी झाली. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, होती तोवर हे जाणवलं नाही. लोक तिच्या हातच्या चहाला येत आणि पुस्तक सोडून बाकी सगळ्यावर बोलून जात. ती गेली. मुलगा पुण्याला. घर गप्प झालं.

अंगण भरायचा दिवस आता वर्षातून एकच राहिला होता, पोळा. गावात पहिल्या जोडीचा मान त्यांच्या घराचा. सगळ्या जोड्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात, मानाची जोडी पुढे झाली की पोळा फुटतो, आणि मग गाव वाजतगाजत तिच्यामागून साडभाऊंच्या अंगणात चहाला येतं. ताई गेल्यानंतरच्या पोळ्याला मीही गेलो होतो. बघतो तर साडभाऊंनी आपली सजवलेली जोडी ओळीच्या अगदी शेवटी नेऊन उभी केलेली.

"भाऊ, जोडी पुढं आना ना!" सरपंच ओरडले.

"आधी तुमी सारे. नेता मागून चालते."

"अवो, तुमी गेल्याबिगर आमी कसे जाऊ? मान तुमचा हाय!"

"म्हनूनच तं," साडभाऊ प्रसन्नपणे म्हणाले. मग माझ्या कानाशी आले. "लोकाले पुढं जाऊ द्या साडभाऊ, लोक तुमाले कधी सोडत नाईत. पुस्तकातच हाय."

मान सोडून पुढे जाणं गावाला जमेना आणि पुस्तक सोडून पुढे येणं साडभाऊंना जमेना. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे गळे बसले, डफडीवाले वाजवायचे थांबून विडी ओढत बसले. शेवटी कोणाचा तरी एक गोऱ्हा कंटाळून पुढे घुसला आणि त्याने तोरणाची पानं ओढून खायला सुरुवात केली. दोर तुटला. "फुटला, पोळा फुटला!" करत जोड्या, माणसं, डफडी, सगळे त्या गोऱ्ह्यामागे धावले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मैदान रिकामं झालं. साडभाऊ धुळीत आपल्या जोडीचा कासरा धरून उभे होते. अंगणात त्यांनी स्वतः चहाचं भलंमोठं पातेलं चढवून ठेवलं होतं, ते आम्ही दोघांनी परत येऊन उतरवलं. दोन कप भरून ते म्हणाले, "पुस्तकात लिवलं व्हतं का नेता मागून चालते. पन पुढचे मागं वळून पाह्यतीन का नाई, थे नोयतं लिवलं." त्यानंतर मान गावाने दुसऱ्या घरी दिला.

तेव्हापासून मी वर्ध्याहून पुस्तक परत करायला जातो. सुरुवातीला ते मला कपाटातले जाडजूड ग्रंथ द्यायचे. हळूहळू पुस्तकं बारीक होत गेली. परवा त्यांनी खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, वहीपेक्षाही पातळ. उघडून बघतो तर त्यांच्या सगळ्यात लाडक्या जाड ग्रंथाचं पहिलंच प्रकरण. शिवण उसवून वेगळं काढलेलं, पुन्हा पांढऱ्या दोऱ्याने टाचलेलं.

"साडभाऊ, हे काय केलं? पुस्तक फाडलं?"

"जाड व्हतं ना. तुमाले किती दिवस लागले असते." ते कपाटाची काच पुसू लागले. "हे लवकर होते. झालं का येजा."

मी गाडी काढली. वळणावर थांबून मागे पाहिलं. ते ओट्यावरच उभे होते. मी बघितलेलं पाहून त्यांनी हात वर केला आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "पान दुमडू नका!"