मामाजींनी काढलेला इंजिनाचा आवाज

आमची पहिली मोटार माझ्याहून चारच वर्षांनी लहान होती. देश सोडून जाताना एक इंग्रज इंजिनियर ती एका वकिलांच्या गळ्यात मारून गेला. वकिलांनी दोन-तीन वर्षं ती अंगणात कोंबड्यांना झोपायला दिली आणि मग आमच्या यांनी घेतली. हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत भूगोल. धंतोलीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. त्याच्या पुढच्या पडवीत मोटार उभी राहिली की आम्हाला घरात तिरपं होऊन शिरावं लागे.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तकही आलं होतं, आणि खरा घोटाळा त्यानंच केला. ठरावीक मैल चालल्यावर इंजिनाचं डोकं उघडून आतली काजळी खरवडावी आणि वाल्व्ह घासून बसवावेत, असं त्यात लिहिलं होतं. 'सर्वसाधारण बुद्धीच्या माणसाला हे घरी जमेल,' हे वाक्य यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत यांनी इंजिन उघडलं. काजळी माझ्या उलथन्यानं खरवडली. वाल्व्ह होते आठ, आणि ते ज्याच्या त्याच्या जागी परत बसायला हवेत म्हणून यांना ओळीनं ठेवायचे होते. त्यासाठी यांनी माझा मसाल्याचा डबा रिकामा केला. पण डब्यात वाट्या सात! आठवा वाल्व्ह कुंकवाच्या करंड्यात गेला. चार दिवस आम्ही हळद-तिखट कागदाच्या पुड्यांतून घालून जेवलो आणि पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली. अगदी गुणी लेकरासारखी सुरू झाली. हे इतके खूश झाले की उलथनं स्वतः घासून दिलं.

तिसऱ्या दिवशी गाडी वाजायला लागली.

"टकटक वाजतेय," हे म्हणाले.

"टकटक नाही हो, चकचक वाजतेय," मी म्हटलं.

"चकचक भांडी असतात. आवाज चकचक नसतो."

यांनी एक वही केली. तारीख, वेळ, चढ की उतार, आणि आवाज. पहिल्या पानावर 'टकटक', दुसऱ्यावर 'कटकट', तिसऱ्यावर 'खुटखुट (सौ.च्या मते चकचक)'. पुस्तकात आवाजांची यादी होती, पण ती इंग्रजीत. इंग्रजांच्या कोणत्या आवाजाला आपल्यात खुटखुट म्हणतात यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

त्याच सुमारास माझे सासरे डोळे दाखवायला उमरेडहून बसनं आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. आठव्या वर्षापासून मागावर बसलेला माणूस. साठ वर्षं धोतरांचे काठ विणून डोळे अधू झाले होते, पण कान असे की शेजारच्या घरातला माग कोण चालवतोय हे त्यांना आवाजावरून कळे. त्यांच्यासमोर मी डोक्यावरून पदर घ्यायची. "हो" आणि "वाढू का" एवढंच आमचं संभाषण.

ते आले त्या रविवारी यांनी मला मडगार्डवर बसवलं.

"गाडी चालवताना मला आवाज समोरून येतोय एवढंच कळतं," हे म्हणाले. "तू बॉनेटला कान लावून बस. मी हळू चालवतो. डावीकडून येतो की उजवीकडून, तेवढं सांग."

मी नको म्हटलं. हे म्हणाले, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. मग मी नऊवारीत नव्हते हे देवाचे उपकार मानून पाचवारीचा पदर खोचला, डाव्या मडगार्डवर बसले, दिव्याची दांडी घट्ट धरली आणि बॉनेटला कान लावला. मामाजी पडवीत बसून हे सगळं अर्ध्या दिसणाऱ्या डोळ्यांनी बघत होते. गाडी गल्लीतून बैलगाडीच्या वेगानं निघाली. मी ओरडत होते, "डावीकडून! नाही, उजवीकडून! आता बंद झाला! आला, आला!"

कोपऱ्यावर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. हात सोडला तर मी पडणार, म्हणून मी कान न काढता मान हलवून नमस्कार केला. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही त्रास आहे का तुम्हाला?"

एवढं करून निष्पन्न एकच झालं, की आवाज गाडी थंड असताना येतो आणि मैलभर चालली की जातो. आणि पंचाईत हीच होती. ओळखीचा मिस्त्री सदरला, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. धंतोलीहून निघताना गाडी वाजत निघे, सीताबर्डीत तिचा आवाज मंदावे आणि किंग्जवे ओलांडला की ती गप्प. मिस्त्रीच्या दारात उभी राही तेव्हा तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही अशी. हे दोनदा जाऊन आले.

"साब, ये तो मक्खन चल रही है," मिस्त्री म्हणे. "शक है तो छोड़ जाओ. कल सुबह ठंडी में सुनूंगा."

"नको, नको," हे घाईनं म्हणत आणि गाडी परत आणत. का नको, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मीही गेले आणि मामाजीही. मामाजींना मोटारीत बसायची हौस होती. सदरला पोचलो तेव्हा गाडी अर्थातच गप्प. मिस्त्री हात पुसत बाहेर आला. जाडजूड, खुरटी दाढी, कानावर विडी.

"आवाज कैसा है, वो तो बताओ. करके बताओ."

यांनी घसा साफ केला. कॉलेजात दोनशे पोरांपुढे बोलणारा माणूस, पण मोटारीचा आवाज काढायची वेळ आली तेव्हा कानापर्यंत लाल झाला. "टक. टक. टक," हे म्हणाले. मास्तर डस्टरनं टेबल वाजवतात तसं.

"ये तो कोई दरवाजा खटखटा रहा है," मिस्त्री म्हणाला. गॅरेजातले दोघं-तिघं काम सोडून जवळ आले. बाहेर टांगेवाला उभा होता, तोही आला.

"तू कर," हे मला म्हणाले.

मामाजींसमोर? मी पदर आणखी पुढे ओढला.

"कर वं पोरी," मामाजी म्हणाले. "लाजून राहिली काहून? मोटारीले थोडीच लाज वाटते!"

मी डोळे मिटले आणि पदराच्या आतून म्हटलं, "चक-चक-चक-चक."

"पाल," टांगेवाला म्हणाला.

सगळे हसले. मलाही हसू फुटलं आणि चकचक पुढे चालेना. तेव्हा मामाजी काठी टेकत पुढे झाले.

"दोघंही चुकून राहिले," ते म्हणाले. "लोखंडावर लोखंड आपटलं का मागून गुणगुण राह्यते. माझ्या मागाची तऱ्हा मले ठाऊक हाये. हे आपटत नाही. हे थुकते."

आणि त्यांनी आवाज काढला. जीभ टाळूला, दात थोडे उघडे: "ट्फस्, ट्फस्, ट्फस्." मी दचकून गाडीकडे बघितलं, इतका तो हुबेहूब होता. मिस्त्रीनं कानावरची विडी काढली.

"चढाव पे?"

मामाजींनी चढ घेतला. "ट्फस्स, ट्फस्स, ट्फस्स!" गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"और पैर उठाया तो?"

मामाजींनी पाय उचलला. आवाज बारीक होत होत गेला. मधे एक ठोका त्यांनी मुद्दाम चुकवला, कारण गाडीही चुकवायची. टांग्याचा घोडा कान टवकारून बघत होता.

"हवा है!" मिस्त्री म्हणाला. "धुआं बाहर आ रहा है, मेनीफोल्ड से. गरम हुआ तो लोहा फूलता है, छेद बंद. बाबा, आप तो उस्ताद निकले."

इंजिनातला जळका धूर ज्या नळातून बाहेर जातो, त्या नळाच्या जोडाला फट होती, असा त्याचा अर्थ. मिस्त्रीनं चहा मागवला. गाडी थंड होईपर्यंत सगळे चहा प्याले आणि मामाजींनी फर्माईशीवरून तो आवाज आणखी दोनदा काढला. मग मिस्त्रीनं गाडी सुरू केली. "ट्फस्, ट्फस्," गाडी म्हणाली. गॅरेजात टाळ्या पडल्या. त्या गाडीसाठी नव्हत्या.

मिस्त्रीनं पाना उचलला तसे हे एकदम म्हणाले, "आज राहू दे. मला कॉलेजात तास आहे."

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

पाच-सहा नट सुटले. नळ आणि इंजिन यांच्यामध्ये अॅस्बेस्टॉसची चकती असायला हवी होती. मिस्त्रीनं दोन बोटांत धरून जे काढलं ते काळं, कुरकुरीत आणि पुठ्ठ्यासारखं होतं. कडा जळून गेल्या होत्या. मधे बोटभर पिवळसर भाग शाबूत होता आणि त्यावर लाल अक्षरं होती.

"कुछ लिखा है इसपे," मिस्त्री म्हणाला आणि तो तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला.

मी वाचलं, "सहकुटुंब अगत्य ये..."

आमची लग्नपत्रिका! माझ्या वडिलांनी हौसेनं जाड कागदावर छापून घेतलेली. उरलेल्या पत्रिका मी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. दिवाळीत जुनी चकती काढताना फाटली म्हणून यांनी त्यांतल्याच एका पत्रिकेतून कात्रीनं नवी कापली होती.

"अहो!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तिथे प्राणवायू नसतो," हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "प्राणवायूशिवाय कागद जळत नाही. हे शास्त्र आहे."

मिस्त्रीनं तो कोळसा उलटून बघितला. "साब," तो म्हणाला, "कागज को किसी ने बताया नहीं होगा."

मामाजी हसता हसता काठीसकट मोटारीच्या पायरीवर बसले. मला रागवायचं होतं, पण ज्यांच्यासमोर मी आजवर "वाढू का" यापलीकडे बोलले नव्हते त्यांच्या शेजारी बसून मी पोट धरून हसले. पदर कधी खाली आला ते कळलंच नाही. मग तो पुन्हा डोक्यावर घ्यायचं मामाजींनी कधी सुचवलं नाही आणि मीही घेतला नाही.

खरी चकती बसली आणि गाडी गप्प झाली. निघताना मिस्त्री म्हणाला, "पत्रिका तो मिल गई. सहकुटुंब बुलाया है. खाना कब है?"

तो थट्टेनं म्हणाला, पण मामाजींनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी मिस्त्री बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. मी कोथिंबीर भरून सांबारवडी आणि पुरणपोळ्या केल्या. मिस्त्रीनं सात पोळ्या खाल्ल्या. त्याची बायको मला कानात म्हणाली, "हमारे ये भी घर का पंखा खुद ही ठीक करते हैं. तीन साल से बंद है." तेव्हापासून आमची मैत्री झाली.

जेवणं झाली तेव्हा यांनी किल्ली उचलली. "चला, तुम्हाला सदरला सोडतो. बाबांनाही बसस्टँडवर सोडायचंच आहे." मामाजी त्या दिवशी उमरेडला परत जाणार होते.

मिस्त्री उठला. इतक्यात मामाजी पान लावता लावता सहज म्हणाले, "आज सकाळीच यानं बिरेक खोलले होते गा. चांगले घट्ट केले म्हणते. पुस्तकात पाहून."

मिस्त्रीनं खूप अदबीनं यांच्या हातात हात दिला, आज हवा छान आहे म्हणाला आणि बायकोला घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलरिक्षाकडे निघाला. हे किल्ली हातात धरून पडवीत उभेच होते. रिक्षा हलायच्या आत मामाजींनी आपली पिशवी उचलली.

"थांब गा, थांब!" ते ओरडले, आणि त्या दोघांच्या मधे जाऊन बसले.