झपाट्या, तात्या आणि तेवीस माणसं

आधी माफी मागतो. असे लेख मोठ्या माणसांवर मोठ्या माणसांनीच लिहायचे असतात, असं मला आजवर वाटत होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि ज्यांच्यावर लिहितोय ते आमच्या कॉलेजच्या गेटवरचे वॉचमन होते. चारदा लिहायला बसलो, चारदा उठलो. पण तात्यांबद्दल गप्प राहवत नाही... राहवतच नाही. सहा आठवड्यांपूर्वी, सुट्टीवर साताऱ्याकडच्या आपल्या गावी असताना, सकाळी चहा पिता पिता तात्या वारले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला फोन केला. "सागर, तुझं तात्या गेलं रं," एवढंच म्हणाल्या. मला नीट रडताही आलं नाही. पहिला विचार आला तो असा की, अजून मेल आलेला नाही.

कुठला मेल, ते सांगतो. तात्या, म्हणजे हणमंत जगदाळे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सैन्यात त्यांचं काम पेंटरचं. गाड्यांचे नंबर, पलटणीचे बोर्ड आणि रस्त्याकडेचे दगड, निम्मे गेरूनं, निम्मे चुन्यानं. विश्रामबागला आमच्या गेटवर आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी कुणी न सांगता पार्किंगचे पट्टे मारून टाकले. मी कवठे महांकाळकडचा, खोली करून राहणारा. दोन तासांच्या मधे गेटजवळच्या कट्ट्यावर बसून वहीत कॉमिक काढायचो. माझ्या डोक्यात एक सुपरहिरो होता, झपाट्या. दुष्काळी गावचा पोरगा, अंगात शंभर बैलांची ताकद आणि तोंडात कायम एकच वाक्य: "सरका बाजूला, मी बघतो!" गोष्ट मला सुचायची, पण चित्र म्हणाल तर आनंदीआनंद. एक दिवस तात्या मागं येऊन उभे राहिले.

"ह्यो कोन? आजारी हाय का?"

"तात्या, हा सुपरहिरो आहे."

"आन् मागं टॉवेल कशाला बांधलाय?"

"टॉवेल नाही हो, तो हिरोचा झगा असतो. उडताना फडफडतो."

"बाभळीत अडकंल की गड्या," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि चार रेषांत झपाट्या उभा केला. टाचा रोवलेल्या, मान ताठ, नाक वर. माझा झपाट्या! मला अक्षरशः घाम फुटला. इतके दिवस डोक्यात असलेला माणूस एकदम समोर उभा राहून माझ्याकडं तुच्छतेनं बघत होता. त्या दिवसापासून आम्ही सुटलोच. मी पानं लिहून द्यायचो, तात्या दुपारची जेवणाची सुट्टी चित्रांवर घालवायचे. त्यांची एकच खोड. फौजेची सवय हातात इतकी मुरलेली की, त्यांनी काढलेली सगळी माणसं डावा पाय पुढं टाकूनच चालायची. आमच्या कॉमिकमधली म्हातारी शेळ्या घेऊन निघाली तरी संचलनाला निघाल्यासारखी. मी हसलो की म्हणायचे, "मग? उजव्यानं सुरुवात केली तर सुभेदार सोडंल व्हय?"

गोष्टीच्या शेवटी गावावरच्या कालव्याला भगदाड पडतं आणि झपाट्या एकटा छाती लावून पाणी अडवतो, असं मी लिहिलं होतं. शेवटचं चित्र: झपाट्या मधे, भोवती टाळ्या वाजवणारी गर्दी. ते पान तात्यांनी बाजूला ठेवलं.

"ह्या टाळ्या वाजवनाऱ्यांची नावं सांग."

"गर्दी आहे तात्या. गर्दीला नावं कशाला?"

"फौजेत गर्दी नसती. यादी असती. नाव, गाव, काम. त्याबिगर मला माणूस काढता येत न्हाई."

मी चिडलो. लेखक मी, आणि हे मला शिकवणार! दोन दिवस मी कट्ट्यावर गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना गप्प करायचं म्हणून रागारागानं आमच्या गावातल्या तेवीस जणांची यादी केली. गिरणीवाला सलीममामू, पोत्यांची तोंडं शिवण्यात पटाईत. माझी आई, दोन घागरी घेऊन चिखलातून न घसरता चालणारी. पोहायला शिकवणारे विहिरीवरचे भाऊ. ट्रॅक्टरवाला दिल्या... आणि यादी करता करता माझा हातच थांबला. या एवढ्या लोकांच्यात झपाट्याची छाती कशाला पाहिजे? भगदाड यांनीच बुजवलं असतं! मी वही घेऊन गेटवर पळत गेलो. तात्या एका पालकाची गाडी आत घेत होते. "तात्या, तो हरतो! एकटा गेला की पाणी बाजूनं फुटतं, तो हरतो!" मी ओरडलो. त्या पालकांनी गाडीची काच वर केली. तात्या मात्र लहान पोरासारखे हसले. "आता कसं बोललास! महापुरात आमी पोती टाकल्यात. हातातनं हातात. मधला एक गडी जरी शाना झाला आन् जागा सोडून फुडं आला, की लाइन मोडती." मग त्यांनी ते चित्र काढलं. काय सांगू! दोन पानं भरून पोत्यांची रांग, तेवीस चेहरे, प्रत्येक निराळा, आणि चौदाव्या जागेवर झपाट्या, सलीममामूकडून पोतं घेऊन माझ्या आईकडं देणारा. झगा कमरेला खोचलेला. या एकाच चित्रात सगळ्यांचे पाय हवे तसे होते. कारण, तात्या म्हणाले, चिखलात कदमताल जमत नसतो.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला लाज वाटते. बत्तीस पानं पूर्ण झाल्यावर मी ती कॉलेजच्या लॅबमध्ये स्कॅन केली आणि मुलांची पुस्तकं काढणाऱ्या पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली. मुखपृष्ठावर मी टाकलं होतं: कथा, कल्पना आणि निर्मिती, सागर माने. बस. तात्यांचं नाव कुठंच नव्हतं. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. एकच नाव असलं की भारी दिसतं, असं वाटलं होतं. मुखपृष्ठाची प्रत त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती हात लांब करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "तुजं नाव जरा डावीकडं कललंय बघ." एवढंच. मी खोलीवर आलो. तेवीस जणांची यादी टेबलावरच होती. शेळीवाल्या म्हातारीचंसुद्धा नाव होतं तिच्यात... आणि ज्यांनी ती करायला लावली त्यांचंच मी गाळलं होतं.

त्याच संध्याकाळी मी प्रकाशकांना दुसरा मेल केला. चित्रकाराचं नाव राहिलं आहे, चूक माझी आहे, छापणार असाल तर ते माझ्या नावाच्या आधी छापा. सकाळी गेटवर जाऊन तात्यांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "छापून आलं तर तेवढं काकूला दावू," ते म्हणाले. "ती म्हनती, तुमी फौजेत बावीस वर्सं नुसतं दगडच रंगवलं." त्यानंतर रोज सकाळी मी गेटमधून आत शिरलो की सलाम ठोकून विचारायचे, "आला का रं?" मी मान हलवायचो. दिवाळीच्या सुट्टीवर निघतानाही, पिशवी खांद्यावर, एसटीची वेळ झालेली, तरी विचारलंच. मी म्हणालो, "तुम्ही परत येईपर्यंत येतोय बघा."

मेल आला तो परवा, दुपारच्या तासाला. मी सरांना न विचारता वर्गाबाहेर पळालो आणि व्हरांड्यात उभ्या उभ्या काकूंना फोन लावला. पुस्तक काढतोय, असं लिहिलं होतं. पोत्यांची ती दोन पानं जोडून मधोमध छापणार, असं लिहिलं होतं. मी धापा टाकत सगळा मेल वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत: 'चित्रे: हणमंत जगदाळे. हे नाव आपण कळवल्याप्रमाणे आधी घेतले आहे.'



"सागर," काकू म्हणाल्या, "परत वाच की रं... नुसतं नावच वाच."