करीममामू आणि छठीचा कागद

नात्यात कुठेही मूल जन्मलं की करीममामू आलापल्लीहून पहिल्या बसने चंद्रपूरला हजर होत, आणि बाळाचं तोंड बघण्याआधी घरातली चूक शोधत. पायात काळा दोरा दिसला की विचारायचं नाही, सरळ तोडून टाकायचा. सागवानाचं सुतारकाम करणारा, आईचा हा चुलतभाऊ मला कधीच आवडला नाही.

माझ्या मुलीच्या छठीला आईने पाटावर कोरा कागद आणि दौत मांडली होती. सहाव्या दिवशी बाळाचं नशीब लिहिलं जातं, ही आमच्याकडची जुनी समजूत. मामू आले, बसलेही नाहीत.

"लिवणारा तुया कागदाची वाट पाह्यत नाई," ते आईला म्हणाले. "सातव्या दिवशी अकीक्याचं बकरं दे, केस उतरव, नाव ठेव. हे कागदाचं आपल्या दीन-धरमात नाई."

"भाऊ, माह्या आईनं तुह्या छठीलेबी कागद ठेवला होता."

"मंग काय लिवलं त्यात? रंधा?"

त्यांनी कागद चुरगाळला आणि दौत मोरीत ओतली. गाणी म्हणणाऱ्या शेजारणी उठून आपापल्या घरी गेल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मामूंशी बोलणं टाकलं.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. सकाळी जन्मला, दुपारी गेला. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, एवढ्याशा जिवाला नाव कशाला नि नमाज कशाला, कापडात गुंडाळून पुरून यावं. माझ्या नवऱ्यानेही मान डोलावली. माझ्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात मामू दारात दिसले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पोरगं रडलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"एकदा," आई म्हणाली.

"मंग ते जितं मानूस होतं. त्याले नाव पायजे, गुसल पायजे, जनाज्याची नमाज पायजे. हक आहे त्याचा. तुमी कोन नाई म्हननारे?"

मामू माझ्याकडे वळले. "नाव सांग, पोरी."

नऊ महिने मनात धरलेलं नाव मी सांगितलं. युसूफ.

पुढच्या तासाभरात, बाळाला गुसलाची शेवटची अंघोळ घातली जात असताना, मोठ्याने रडते म्हणून त्यांनी आईला सगळ्यांदेखत दटावलं. म्हणजे माणूस होता तसाच होता.

गेल्या हिवाळ्यात मामू वारले. मी आलापल्लीला गेले नाही. आईचा तो चुरगाळलेला कागद आठवला की आजही डोकं तापतं, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. दर शुक्रवारी मी युसूफसाठी दुआ मागते, त्याचं नाव घेऊन. मग जरा थांबते, आणि नाइलाजाने मामूंचंही घेते.