तायस्तोची गाठ

तायस्तो कल्लुंकीच्या गॅरेजात कॉफी पुढे आली नाही, तर समजून जावं की आपण इथे नको आहोत. तोंडाने तो तसं म्हणायचा नाही. कोर्पिवारा गावात हा मान एकाच माणसाला होता, आणि तो म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, ताउनो म्यात्ता.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी एक वाजता ताउनोची जुनी निळी गाडी दारात येऊन थांबली. ताउनो उतरला आणि बाहेर चिखलबर्फातच उभा राहिला. आत ये म्हणायला तायस्तोची जीभ उचलली नाही.

"उजवा सिग्नल," ताउनो म्हणाला.

"दिसला. वळताना फेफरं आल्यासारखा लुकलुकत होता."

"तपासणीत नापास केलीय. चारच्या आत परत दाखवली नाही, तर उद्यापासून रस्त्यावर आणायची नाही."

"मग शहरातल्या त्या काचेच्या गॅरेजात जायचं."

"दोन आठवड्यांनी या म्हणतात. मी हौसेनं नाही आलो तुझ्याकडे."

"हौसेनं तुला येऊ कोण देतंय?"

उद्या शनिवार, म्हणजे ताउनोच्या बायकोच्या, आइलीच्या डायलिसिसचा दिवस. आठवड्यातून तीनदा नव्वद किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं. सरकारी टॅक्सी मिळते, नाही असं नाही. पण परतताना आइलीला ओकाऱ्या होतात आणि परक्या माणसाच्या गाडीत तिला ते मेल्याहून मेल्यासारखं वाटतं. सकाळी तिनेच भावाला फोन केला होता. "भांडायचं तर भांडा, पण गाडी नीट करून दे," एवढंच बोलली होती. म्हणून तायस्तोने दार उघडलं. एरवी मेव्हण्याची गाडी तळ्यात बुडत असती तरी हा पाठ करून उभा राहिला असता.

तायस्तोचं वय बहात्तर. बाप मासेमार, हा गाड्यांच्या वायरिंगकडे वळला, पण बापाने शिकवलेली जाळ्याची गाठ त्याने सोडली नाही. तारेचा जोड डाख देऊन पक्का झाला की त्यावर कापडी टेप गुंडाळायची आणि दोन्ही टोकांना मेणाच्या दोऱ्याने ती गाठ मारायची. पंचक्रोशीत कुठल्याही गाडीत गाठ दिसली की लोक म्हणत, हे काम तायस्तोचं, इकडे बघायला नको. हा माणूस त्या गाठीवर जगत होता म्हटलं तरी चालेल. "माझा जोड सुटत नसतो," हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याची बायको हयात होती तेव्हा ते ऐकलं की उठून आत जायची.

त्याच वाक्यावरून हे वैर. अकरा वर्षांपूर्वी, एल्क हरणांच्या शिकारीच्या आदल्या दिवशी, त्याने याच गाडीला मागे जोडायच्या ट्रेलरच्या दिव्यांसाठी सॉकेट बसवून दिलं होतं. शिकारीहून परतताना ट्रेलरचे दिवे गेले आणि लाकडाचा ट्रक मागून आदळता आदळता राहिला. ताउनोने शिकारी मंडळाच्या शिकारघरात सगळ्यांसमोर सांगितलं, तायस्तोचा जोड कच्चा होता. तायस्तो म्हणाला, चिखलातून ओढताना यानेच तारा हिसकल्या, आता माझ्या माथी मारतोय खोटारडा. तारा हलवल्यावर दिवे परत लागले होते, तेव्हा पुरावा काहीच उरला नव्हता. अठरा माणसांनी तायस्तोवर विश्वास ठेवला. ताउनोने बंदूक विकली आणि मंडळ सोडलं.

"बल्ब कोणी बदलला?" तायस्तोने मागचा दिवा उघडत विचारलं.

"मी. सिग्नल लुकलुकवणारा फ्लॅशरही नवा टाकलाय."

"म्हणजे दुकानदाराचं भलं केलंस. ब्रेक दाब."

ताउनो गाडीत बसला आणि त्याने ब्रेक दाबला. लुकलुकणारा सिग्नल मंद होऊन थांबला. पाय काढताच पुन्हा सुरू झाला.

"बल्बचा काय दोष? अर्थिंग गेलंय," तायस्तो म्हणाला. त्याने एक सुटी तार घेतली, एक टोक दिव्याच्या अर्थिंगला लावलं, दुसरं घासून काढलेल्या पत्र्याला. सिग्नल शहाण्यासारखा चालू लागला. आता फक्त अर्थिंग कुठे तुटलंय एवढंच शोधायचं होतं. "जा बाहेर. माझ्या उजेडात उभा राहू नकोस."

त्याने डिकीतला गालिचा उचलला आणि अर्थिंगच्या तपकिरी तारेचा माग काढत गेला. कोपऱ्यात, ट्रेलरच्या सॉकेटकडे तारेला फाटा फुटतो तिथे, मिठाने हिरवट झालेला एक जोड होता. कापडी टेप. दोन्ही टोकांना मेणाचा दोरा.

त्याने गाठ कापली. आत तारा नुसत्या पिळलेल्या होत्या, डाखाचा टिपूसही नव्हता. त्याला ती संध्याकाळ आठवली. पहाटे शिकारीला निघायचं होतं, डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न गरम व्हायला वेळ लागत होता, आणि घरच्याच माणसाचं काम, करू नंतर पक्कं, असं म्हणून त्याने टेप गुंडाळली होती. नंतर म्हणजे कधीच नाही. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो दोन मिनिटं तसाच ओणवा राहिला.

बाहेर ताउनो पाठमोरा उभा होता. तायस्तोने टेप-दोऱ्याचा तुकडा कामाच्या कोटाच्या खिशात कोंबला, तारा खरवडल्या, डाख दिला. नवा जोड बांधताना गाठ मात्र मारली नाही.

"पाणी शिरलं होतं," तो बाहेर येऊन म्हणाला.

"पाणी," ताउनो म्हणाला.

"अजून वेळ आहे." तायस्तोने थर्मासमधून दोन कप भरले आणि एक पुढे केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ताउनोने कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला नको," म्हणाला आणि निघून गेला.

सव्वाचारला आइलीचा फोन आला. "पास झाली."

"होणारच."

"काय निघालं?"

"पाणी शिरलं होतं."

"मागच्या महिन्यात सिग्नल बिघडला तेव्हाच ताउनोनं गालिचा उचलून बघितलं होतं, तायस्तो. मी म्हटलं, कापून टाक ते आणि नवीन कर. तर म्हणाला, त्याची गाठ आहे, त्यालाच सोडू दे. आज निघताना म्हणाला, बघशील, ती गाठ तो खिशात घालेल."

तायस्तोचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"रविवारी शिकारघरात शिकारीचं मांसवाटप आहे," आइली म्हणाली. "सगळे असतील. तू जाणार ना?"

"जाईन."

"मग अंगावरचा कामाचा कोटच घालून जा, खिसा रिकामा न करता," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.