तिच्या गालाची उंची

अनघा गेल्याची बातमी क्लबच्या ग्रुपवर आली. ती बातमी येणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे धक्का वगैरे काही बसला नाही. बातमीखाली तिचा फोटो होता. हातात रायफल, अंगावर कडक इस्त्रीचा ड्रेस आणि चेहऱ्यावर कुणीतरी ‘हस’ म्हटल्यावर हसतो तसं हसू. मी तिच्या चेहऱ्याआधी रायफलीकडे बघितलं आणि खरं सांगते, रडू यायच्या ऐवजी मला संताप आला. रायफलीचं लाकूड अगदी चकचकीत होतं. त्यावर तिनं चिकटवलेली कापडाची गादी नव्हती. म्हणजे फोटो रायफल घरी आली त्या दिवसाचा. पुढे वर्षानुवर्षं ती त्या गादीवर गाल टेकवून उभी राहिली, तसे तिचे किती तरी फोटो आहेत. पण तिच्या नवऱ्याला, दिलीपला, जगाला दाखवावासा वाटला तो हाच.

अनघा आणि मी कल्याणला एकाच कॉलेजात, एकाच एनसीसी तुकडीत. तिथे पहिल्यांदा रायफल हातात घेतली. माझा नेम बरा होता, तिचा फारच चांगला. पुढे नोकऱ्या लागल्या, मी बँकेत आणि ती शाळेत, लग्नं झाली, मी कळव्याला आले आणि ती डोंबिवलीला गेली. तरी रविवारी सकाळी ठाण्याला वर्तकनगरच्या क्लबात आम्ही एअर रायफल मारायला भेटायचोच. मी आपली हौस म्हणून. ती मात्र मन लावून, एकच गोष्ट डोक्यात धरून. तिला राज्याच्या संघात जायचं होतं. हे ती मोठ्यानं कधी बोलायची नाही, पण मला माहीत होतं आणि दिलीपलाही माहीत होतं.

तिची अडचण एकच, तिचा चेहरा. अरुंद चेहरा, उंच मान आणि डोळा गालाच्या हाडाला अगदी लागून. रायफलीचा मागचा भाग, ज्याला आम्ही स्टॉक म्हणतो, तो खांद्याला टेकतो आणि त्याच्यावर गाल ठेवून नेम धरायचा असतो. अनघानं गाल टेकवला की डोळा खाली राहायचा, आणि डोळा नेमाला आणला की गाल अधांतरी. क्लबच्या सगळ्या रायफली कुणा रुंद चेहऱ्याच्या पुरुषाच्या मापाच्या. मग ती तासभर मान ताणून उभी राहायची, आणि शेवटच्या दहा गोळ्यांत ती मान थरथरायला लागायची. क्लबातल्या आमच्या सरांनी तिला एक परीक्षा शिकवली होती. डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, डोक्याचं सगळं ओझं गालावर सोडून दे आणि मग डोळे उघड. मागच्या बारीक भोकातून पुढची कडी आपोआप समोर दिसली, तर स्टॉक तुझा. डोकं इकडेतिकडे हलवावं लागलं, तर तो दुसऱ्या कुणाचा.

म्हणून स्वतःची रायफल घ्यायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम दुकानात बरोबर गेले. दिलीपलाही तेव्हा नेमबाजीचं नवं नवं वेड लागलेलं, त्यामुळे रायफल दोघांत एक. दुकानदारानं एक धातूचा स्टॉक काढला. त्याला गालाची पट्टी स्क्रूनं वर-खाली होणारी. दिसायला अगदीच कुरूप, नुसता सांगाडा. अनघानं डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. पट्टी थोडी वर करून घेतली. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले आणि तशीच उभी राहिली... मला वाटलं, ही आता रायफल खाली ठेवायचीच नाही.

“नीलू, मानेला काहीच करावं लागत नाहीये गं,” ती म्हणाली.

“अगं पण हे काय ध्यान आहे!” दिलीप हसत म्हणाला. “रायफल आहे की हॉस्पिटलातला वॉकर? हॉलमध्ये ठेवणार कुठे हे?” आणि त्यानं अक्रोडाच्या लाकडाच्या रायफलीवरून हात फिरवला. तिची गालाची जागा लाकडातच कोरलेली, ना वर होणार ना खाली. “ही बघ. हिला म्हणतात रायफल. उंचीचं काय, सवयीनं जमतं सगळं.” दुकानदारानं मान डोलावली. अनघानं माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “ठीक आहे, तुम्हालाही मारायची आहे ना.” तुम्ही दोन महिने मारलीत, दिलीपराव. मग तुम्हाला ट्रेकिंगचं वेड लागलं.

लाकूड कापून वर-खाली होणारी पट्टी बसवून घ्यावी, असं तिनं एकदा विचारून पाहिलं. “या लाकडाला करवत?” एवढंच उत्तर मिळालं, आणि तेही असं की जणू तिनं घरातल्या माणसाचा पाय कापायला सांगितलाय. मग तिनं गादी केली. जुन्या सुती साडीच्या घड्या, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वरून मऊ कातडं. एक घडी वाढवायची, चार रविवार मारून बघायचं, अर्धी कमी करायची. असं करत करत कितीतरी महिन्यांनी उंची जमली. डोळे मिटून उघडले की कडी समोर. त्या वर्षी तिचे गुण असे चढले की सर सगळ्यांसमोर बोलून गेले, “यंदा हिला कुणी अडवत नाही.”

दिलीपकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. मूळ गावी म्हणे तलवार होती, ती कुणी पाहिलेली नाही. डोंबिवलीत पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली आणि मधोमध रायफल. इतर वर्षी अनघा स्वतः हलक्या हातानं गादी सोडवायची आणि पूजा झाली की होती तश्शी लावायची. त्या वर्षी नवमीला ती शाळेत अडकली, आणि निवड चाचणी दसऱ्याला लागूनच होती. ती घरी आली तर रायफल पाटावर लखलखत होती. दिलीपनं थिनरनं डिंकाचा थेंबन् थेंब पुसून, वर पॉलिश केलं होतं. घड्या, ट्यूब, कातडं सगळं कचऱ्याच्या गाडीत. “चाचणीला जायच्या आधी शस्त्र कसं झळाळलं पाहिजे. चिंधी बांधून पूजेला ठेवतात का? मुद्दाम तुझ्यासाठी बसलो सकाळपासून,” तो म्हणाला. आणि खरंच तो सकाळपासून बसला होता. दुसऱ्या दिवशी तिनं रायफलीला हळद-कुंकू वाहिलं, दिलीपला सोनं दिलं आणि जेवायला वाढलं.

चाचणीच्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते. नवी गादी घाईघाईत केलेली. तिनं डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले. मग मागे वळली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, “नीलू, दिसतच नाहीये गं.” मी काय करणार होते? तासभर ती त्या ताणलेल्या मानेनं उभी राहिली, आणि शेवटच्या गोळ्यांत ती मान थरथरली. थोडक्यात हुकलं. पुढल्या वर्षापर्यंत मानेचं दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांनी स्पर्धा बंद करायला लावल्या. संपलं. उगाच यातून कुणी संसाराचं रूपक वगैरे काढू नये. मी मानेबद्दल बोलतेय, तिच्या मानेबद्दल.

मी चिडले की ती म्हणायची, “जाऊ दे गं, ते मुद्दाम नाही करत.” अगं, तेच तर! मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. प्रेमानं पॉलिश करणाऱ्या माणसाशी बाईनं भांडायचं कसं? मग ती कल्याणच्या तिच्या शाळेतल्या मुलींना शिकवायला लागली. खडवलीहून, टिटवाळ्याहून मुली यायच्या. नव्या मुलीला ती महिनाभर गोळीच द्यायची नाही. आधी डोळे मीट, गाल टेकव, उघड. “मान रायफलीकडे न्यायची नाही, रायफल गालापर्यंत आली पाहिजे,” असं ओरडायची. इतकी सौम्य बाई, पण तेवढ्या एका गोष्टीवर ओरडायची. स्वतःसाठी तिनं गादी पुन्हा जमवली. घरी, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर, गोळीशिवाय नेम धरायला.

शेवटचं भेटले ते तिच्या शेवटच्या आजारात, ठाण्याच्या हॉस्पिटलात. दिलीपनं हौसेनं नवी जाडजूड उशी आणली होती, आणि ती त्या उशीवर मान वाकडी करून पडलेली. तो औषधं आणायला खाली गेला तसं तिनं खुणेनं उशी काढायला लावली. मी माझी शाल घडी करून गालाखाली ठेवली. “अजून एक घडी... अजून थोडी... बस.” तिनं डोळे मिटले, डोक्याचं ओझं सोडून दिलं आणि डोळे उघडले. समोर खिडकी होती. “हां,” म्हणाली. दिलीप वर आला आणि म्हणाला, “अरे, उशी कुणी काढली?”

शोकसभेत तो बोलला. “मी निवडलेली रायफल तिनं जन्मभर जपली,” असं म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. लोकही रडले. त्याचं रडणं खरं होतं, हे मला कबूल आहे. पण मला त्याचा उपयोग काय?

काल दसरा झाला. मी डोंबिवलीला गेले. “यंदा सण नाही, पण शस्त्राला एक फूल वाहिलं,” दिलीप म्हणाला. पाटावर रायफल होती, आणि तिच्यावर गादी होती. घड्या, कातडं, सगळं जिथल्या तिथे, वर झेंडूचं फूल. “काढणार होतो,” तो म्हणाला, “मग म्हटलं, राहू दे. तिची आठवण.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा राहू दिली.

तो चहा टाकायला आत गेला. मी फूल बाजूला केलं, रायफल उचलली आणि खांद्याला लावली. डोळे मिटले. डोक्याचं सगळं ओझं त्या गादीवर सोडलं. कापडाला अजून तिच्या केसांच्या तेलाचा बारीक वास होता. मग मी डोळे उघडले. मला काहीच दिसलं नाही. उंची तिची होती.